गप्प बसण्याच्या कामावर माझी नेमणूक

बुधवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

प्रिय आणि आदरणीय ताईस (आदर आधी लिहायला हवा होता, पण प्रेम मध्ये घुसलं, तर रागावू नकोस),

तुझ्या धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही सगळे इकडे देवाच्या कृपेने ठीक आहोत, तुम्ही सगळे तिकडे ठीक असाल अशी आशा करतो. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कुरकुरतो तो डावा की उजवा हे मी दर वेळी विसरतो, म्हणून दोन्हींसाठी प्रार्थना करतो, म्हणजे चुकायला नको. भाऊजींचा खोकला थांबला का? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि ते पेपरातून मान वर काढतील तेव्हाच सांग, नाहीतर तो नमस्कार वाया जातो. तुझी भावजय मजेत आहे. तिने नुकतेच सगळ्या खोल्यांचे पडदे धुवायला काढले आणि त्याच दिवशी पाणी गेलं, त्यामुळे सध्या आमचं सगळं घर समोरच्या इमारतीला दिसतं. पण आम्ही लपवण्यासारखं काही करत नाही, असं तीच म्हणते (थोड्या खेदाने).

आता पत्र लिहिण्याचं कारण. ताई, तू बसली असशील तर बरं, आणि उभी असशील तर बस. आमच्या चर्चच्या मंडळीने मला ऐकून घेण्याच्या कामावर नेमलं आहे. होय, मला. आयुष्यभर बसस्थानकावर माईकसमोर बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे साऱ्या जगाला ओरडून सांगणाऱ्या माणसाला. लहानपणी मी घरात एखादं गुपित सांगितलं की गल्लीतली कुत्री भुंकायची, हे तुझंच वाक्य आहे, आणि ते तू माझ्या लग्नातही सगळ्यांना ऐकवलं होतंस. मी काही विसरलेलो नाही. तर त्या मला.

झालं असं की आमच्या मंडळीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. मागच्या बाकावर बसतात, शेवटचं गीत संपायच्या आत निघून जातात. मध्यंतरी बरेच रविवार त्या दिसल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर दिसत नाहीत हेही कोणाला दिसलं नाही. मग एका रविवारी आल्या. उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी आमच्या खजिनदारांनी हसत विचारलं, "काय बाई, मजा आहे, कुठे फिरायला गेला होतात?" बाई म्हणाल्या, "हॉस्पिटलात होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं." असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला आणि निघून गेल्या. खजिनदारांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि ते तसेच कपात बघत उभे राहिले. नंतरच्या रविवारी आमचे पाळकसाहेब (तरुण आहेत, बारीक आहेत, झगा घातला की हँगरवर टांगल्यासारखे दिसतात) प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, "मीसुद्धा त्यांना विचारलं नाही. आपण एकमेकांना 'कसं काय' विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढच्या माणसाचा हात हातात घेतो." ताई, त्या दिवशी देवळात एवढी शांतता होती की लोकांना आपापले घसे खाकरायची लाज वाटली.

तर त्यातून निघाला हा सोबत-गट. मंडळीत ज्याला दुःख आहे, ज्याचं काही मोडलं आहे, त्याच्याजवळ जाऊन बसणारी माणसं. पाळकसाहेबांनी विचारलं, कोण कोण तयार आहे? आणि नेमका त्याच क्षणी मी हात वर केला. हात मी पंखा बंद करा म्हणून सांगायला वर केला होता. थेट माझ्या टाळूवर वारा येत होता. पण पाळकसाहेबांचे डोळे असे भरून आले की 'पंखा' हा शब्द माझ्या घशातच राहिला. "काका, तुम्ही!" असं ते म्हणाले, आणि त्या 'तुम्ही'मध्ये जेवढा आनंद होता तेवढंच आश्चर्य होतं. तुझी भावजय शेजारी बसली होती. ती सबंध शेवटचं गीत रुमालात तोंड घालून हसत होती, आणि मागचे लोक समजले की बाईंना भरून आलंय.

मग शिकवणी सुरू झाली. शनिवारी दुपारी देवळाच्या मागच्या खोलीत, जिथे मोडक्या खुर्च्या आणि नाटकातल्या देवदूतांचे पंख ठेवतात तिथे. शिकवायला हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाई येत. त्यांनी पहिल्याच दिवशी आमची सगळी हत्यारं काढून घेतली. 'देवाची इच्छा' असं म्हणायचं नाही. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' म्हणायचं नाही. 'माझ्या मेव्हण्याचंही अगदी असंच झालं होतं' हे तर मुळीच म्हणायचं नाही. वचनं फेकून मारायची नाहीत. कोणी विचारल्याशिवाय उपाय सांगायचा नाही. समोरासमोर न्यायाधीशासारखं न बसता शेजारी बसायचं. आणि जे कानात पडलं ते तिथेच राहायला हवं, गटाबाहेर एक अक्षर जाता कामा नये. (या शेवटच्या नियमाने आमची मंडळी हादरली. आमच्याकडे चहाड्या कधीच नव्हत्या, प्रार्थना-विनंत्या होत्या. 'अमक्यासाठी प्रार्थना करा हं, त्याचं घरात पटत नाही, का ते मी सांगणार नाही, पण ती शेजारीण पुन्हा राहायला आली आहे', अशा.) मी विचारलं, मग बोलायचं तरी काय? बाई म्हणाल्या, "शक्यतो काही नाही."

माझी जोडी लावली सुईणमावशींशी. हॉस्पिटलातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी उभी हयात काढली, आणि आमची निम्मी मंडळी त्यांच्या हातात जन्मली आहे, त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी फार तोरा मिरवत नाही. सरावासाठी त्यांनी मला आपलं एक दुखणं सांगायचं आणि मी ऐकायचं असं ठरलं. त्या म्हणाल्या, "माझा खांदा..." आणि मी त्यांना दोन तेलं, एक व्यायाम आणि हाडांच्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला. समुपदेशक बाईंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ही विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, म्हणाल्या. मी गोळी कडाकडा चावून खाल्ली आणि तेलाचं नाव पुन्हा नीट सांगितलं. त्यानंतर बाईंनी मला काही दिलं नाही, नुसतं पाहिलं. मी फुलदाणी फोडल्यावर तू पाहायचीस तसं.

पहिली भेट एका शाळेच्या बाईंची. त्यांचं घर नुकतंच मोडलं होतं (ते कसं, ते मला माहीत आहे आणि मी तुला सांगणार नाही, इथे दोन ओळी लिहून खोडल्या आहेत, पण सांगणार नाही). त्यांना झोप लागत नव्हती. मी शपथेवर सांगतो, मी एकही सल्ला दिला नाही. शेवटी त्यांनीच म्हटलं, प्रार्थना करा. मी अगदी हळू, कुजबुजल्यासारखी, माझ्या मते मुंगीलाही ऐकू येणार नाही अशी प्रार्थना केली: 'प्रभू, हिला रात्री शांत झोप लागू दे.' आणि भिंतीपलीकडच्या घरातून एका पुरुषाचा आवाज आला, "आमेन."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सुईणमावशींनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण त्यांचे खांदे हलत होते. आणि त्या शाळेच्या बाई, ताई, ज्या कित्येक दिवसांत हसल्या नव्हत्या, त्या आधी ओठ दाबून, मग हातांनी तोंड झाकून, मग उशीत तोंड खुपसून हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मी जीव मुठीत धरून घरी आलो. आता मंडळीतून नाव जाणार, म्हटलं. पण पुढच्या भेटीत बाईंनी सांगितलं की त्या दिवसापासून वरच्या मजल्यावरचे लोक खुर्ची ओढत नाहीत, उचलून ठेवतात. खालचा कुटुंबवत्सल गृहस्थ भांडण घराबाहेर नेऊन करतो. आणि पलीकडचे ते आमेनवाले आजोबा रेडिओ कानाला लावून ऐकतात. कोणी त्यांना काही विचारलं नाही, कोणी काही सांगायलाही आलं नाही. सगळ्या इमारतीने चवड्यांवर चालायला सुरुवात केली, बस. बाई म्हणाल्या, अजून झोप पुरती लागत नाही, पण जागी असले तरी एकटी आहे असं वाटत नाही.

पण खरी हकिकत यापुढे आहे. इतका वेळ मी तुझ्याशी हसत-खेळत बोललो, आता जरा सावकाश वाच.

आमच्या मंडळीत एक बसड्रायव्हर आहे (त्याची हकिकत त्याला विचारूनच लिहितो आहे). मी त्याला बरीच वर्षं ओळखतो, म्हणजे त्याची गाडी ओळखतो. मी माईकवरून त्याच्या गाडीची घोषणा केली की तो काचेतून हात वर करायचा. अतिशय सांभाळून चालवणारा माणूस. कबुतर आडवं आलं तरी ब्रेक लावायचा आणि प्रवाशांच्या शिव्या खायचा. तर त्याच्या गाडीखाली एक माणूस आला आणि गेला. चौकशी झाली. ड्रायव्हरचा काही दोष नाही असा स्वच्छ निकाल लागला. अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली, रजा दिली, कामावर परत या म्हणून निरोप पाठवले. तो गेला नाही. देवळातही यायचा थांबला. त्याची बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करते, तिने पाळकसाहेबांना सांगितलं, की हा रोज सकाळी ड्यूटीचे बूट काढतो, पॉलिश करतो आणि परत ठेवून देतो. एवढंच करतो.

आम्ही दर बुधवारी जाऊ लागलो. स्वयंपाकघरात खिडकीखाली एक लांब बाक आहे, त्यावर तो बसायचा, मी त्याच्या शेजारी, आणि सुईणमावशी पलीकडे खुर्चीवर. त्याच्या हातात बूट आणि फडकं. नमस्कार झाला की संपलं. ताई, तुला कल्पना नाही शांतता किती लांब असते. नळ ठिबकतो. फ्रिज मध्येच खोकतो. माझ्या पोटातून असा आवाज यायचा की जणू तिथे गाडी लागते आहे. दर दोन श्वासांनी माझ्या जिभेवर एक वाक्य यायचं, आणि प्रत्येक वाक्य चांगलं होतं, मी तुला सांगतो, एकदम छापण्यासारखं. 'तुझा दोष नाही' हे तर ओठांवर येऊन बसलेलंच असायचं. मी मावशींकडे पाहायचो. मावशी माझ्याकडे अशा पाहायच्या की वाक्य आल्या पावली परत. घरी आल्यावर मी तुझ्या भावजयीशी एका दमात तासभर बोलायचो. विषय काहीही चालायचा. ती म्हणाली, त्या ड्रायव्हरचं दुःख हलकं होवो न होवो, माझं वाढतंय.

आणि मग एका बुधवारी तो बोलला. बूट मांडीवर, नजर खिडकीबाहेर. म्हणाला, "तो हसत होता." पुढे म्हणाला, "पळत येत होता गाडी पकडायला. माझ्याकडे बघून हात केला आणि हसला. त्याला वाटलं मी पाहिलंय त्याला. मी थांबणार म्हणून हसला तो." मग बुटावर फडकं फिरवत म्हणाला, "सगळे म्हणतात तुझा दोष नाही. साहेब म्हणाले, बायको म्हणते, वकील म्हणाला. माझा दोष नाही तर मी माफी कोणाकडे मागू? मला मागायची आहे. आणि कोणी मागू देत नाही."

ताई, मला रडू आलं. आणि माझं रडणं तुला माहीत आहे. ते काही डोळ्यांच्या कडा पुसण्यातलं नाही. मी असा हंबरडा फोडला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी धावत आलं आणि दार ठोकू लागलं. नियमांत रडण्याबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. आणि मग जे झालं ते मी अजून रोज आठवतो. त्या ड्रायव्हरने बूट खाली ठेवले. एवढ्या भेटींत पहिल्यांदा त्याचे दोन्ही हात मोकळे झाले. त्याने उठून मला पाणी दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला, दारावरच्या माणसाला 'काही नाही, पाहुणे आहेत' म्हणून परत पाठवलं, आणि माझ्या शेजारी पुन्हा बसून तो स्वतः रडला. हळू रडला, माझ्यासारखा नाही. मला वाटलं मी सगळं बिघडवलं. मावशी नंतर म्हणाल्या, वॉर्डात काही बाळं जन्मल्यावर रडत नाहीत, मग शेजारचं रडलं की त्यांना आठवण होते.

पण मावशींनी तिथेच सोडलं नाही, आणि हे मी तुला मुद्दाम लिहितो, कारण मला याचीच सर्वांत भीती वाटत होती. तो शांत झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारतात का कोणाला? नसलं डोक्यात तर घालायचं? पण बाईंनी शिकवणीत हेच सांगितलं होतं, की विचारल्याने येत नाही, विचारल्याने वाट मिळते. त्याने मान हलवली. हो अशी. मावशींच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. आता हे आपण तिघांतच ठेवायचं नाही." गुपिताचा नियम इथे संपतो, हेही आम्हांला शिकवलेलं. त्याच दुपारी पाळकसाहेब आले, समुपदेशक बाईंनी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची वेळ घेतली, बायको धुलाईखान्यातून तशीच ओल्या हातांनी आली, आणि त्यानंतर कित्येक दिवस तो एकटा असा राहिलाच नाही. मंडळीने पाळ्या लावल्या. चहात बिस्किट पाडलेले आमचे खजिनदार रोज सकाळी जायचे आणि त्याच्याशेजारी बसून आपलेही बूट पॉलिश करायचे. त्यांचे बूट कापडी आहेत.

औषध सुरू झालं, डॉक्टरांकडे जाणं-येणं सुरू झालं, आणि मग एक दिवस तो म्हणाला, देवळात यायचंय. पण त्याच्या घरून देवळात यायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो, आणि त्याला रस्ता ओलांडता येत नव्हता. गाडी चालवता येत नव्हती हे आम्हांला समजत होतं, पण ओलांडता येत नाही हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पहिल्या रविवारी आम्ही इमारतीच्या दारापर्यंत आलो. पुढच्या रविवारी कोपऱ्यापर्यंत. तिसऱ्या खेपेला कडेच्या दगडापर्यंत, आणि तिथे तो थिजला. पाय पुढे टाकायचा आणि मागे घ्यायचा. पलीकडे देऊळ दिसत होतं, घंटा वाजत होती. पाळकसाहेबांनी उपासना सुरूच केली नाही. ते दारात येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे गायकवृंद झग्यांसकट, त्यांच्यामागे सगळी मंडळी, लहान लेकरं कडेवर घेऊन. कोणी हाका मारल्या नाहीत, हातवारे केले नाहीत, 'ये, ये, काही होत नाही' म्हटलं नाही. नुसते उभे राहिले आणि वाट पाहिली.

आणि तेवढ्यात बस आली. मला वाटलं, संपलं. पण बस अलीकडेच थांबली. आतल्या ड्रायव्हरने त्याला ओळखलं असावं. त्याने इंजिन बंद केलं. ताई, मी सगळी हयात बसस्थानकात काढली, भररस्त्यात बसचं इंजिन बंद झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या बसमागे गाड्या थांबल्या, त्यांच्यामागे आणखी गाड्या. पहिल्या एक-दोघांनी हॉर्न वाजवला आणि मग काय समजलं कोणास ठाऊक, तेही गप्प झाले. एवढा मोठा रस्ता आणि त्यावर चिटपाखराचा आवाज नाही. बसमधल्या ड्रायव्हरने काचेतून हात वर केला. आमच्या माणसाने माझा दंड असा पकडला की त्याची बोटं अजून उमटलेली असतील, आणि तो ओलांडून गेला. मोशेने समुद्र दुभंगवला हे मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि खरं सांगू का, मनातल्या मनात मला ते थोडं वाढवून सांगितलेलं वाटायचं. आता वाटत नाही.

देवळात तो मागच्या बाकावर बसला. शिवणकामाच्या बाईंनी सरकून जागा दिली आणि आपलं गीतांचं पुस्तक अर्धं त्याच्यापुढे धरलं. पाळकसाहेबांनी त्याचं नाव घेतलं नाही. रोजचीच पापकबुलीची प्रार्थना आली, जी आपण सगळे पाठ म्हणतो आणि म्हणता म्हणता आमटीला फोडणी कोणती द्यायची याचा विचार करतो. सगळ्यांची म्हणून झाली. आणि त्यानंतरच्या शांततेत मागून एक आवाज आला, "मला क्षमा करा." एवढंच. कोणी मागे वळून पाहिलं नाही. कोणी 'अहो पण तुमचा काय दोष' म्हटलं नाही. पाळकसाहेब पायऱ्या उतरून मागे गेले, त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "देवाने ऐकलं आहे. आम्हीही ऐकलं आहे." मग ते तिथेच बसून राहिले, आणि झग्यात त्यांचा पाय अडकला म्हणून त्यांना उठता येईना, तर ड्रायव्हरनेच हात देऊन उठवलं.

त्या दिवशी शेवटचं गीत संपलं तरी मागच्या बाकावरून कोणी उठलं नाही.

आता तो बस चालवत नाही. डेपोच्या दुरुस्तीखान्यात काम करतो आणि नव्या ड्रायव्हरांना आरशात कसं पाहायचं ते शिकवतो. फार कडक शिकवतो म्हणे. काही दिवस वाईट जातात, मग खजिनदार कापडी बूट घेऊन जातात. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. लागू दे. आमच्या मंडळीला आता वेळ काढायची सवय लागली आहे. उपासनेनंतर कोणी 'कसं काय' विचारलं की विचारणारा तिथेच उभा राहतो, त्यामुळे चहा गार होतो आणि उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. पण लोक उत्तरं देऊ लागले आहेत, ताई. वर्षानुवर्षं ज्यांच्या शेजारी मी बसलो त्यांच्या आत काय काय होतं! मी घोषणा करत राहिलो आणि एवढी माणसं एवढं ओझं घेऊन माझ्यासमोरून चढत-उतरत राहिली. कधी कधी रविवारी मी वळून सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहतो आणि माझी छाती दडपते, एखाद्या मोठ्या डोंगराखाली उभं राहिल्यासारखी.

सांगायचा मुद्दा हा, की पाळकसाहेब आता सगळ्यांना सांगतात, ऐकावं कसं ते काकांकडून शिका. दुसऱ्या मंडळीतून माणसं मला पाहायला येतात. मी गंभीर चेहरा करून बसतो. पत्र फार लांबलं. भाऊजींना नमस्कार, लेकीसुनांना आशीर्वाद, गुडघ्यांना (दोन्ही) जप.

तुझा धाकटा भाऊ,
जो हल्ली गप्प बसतो

ता. क. तुझी भावजय म्हणते, 'हल्ली गप्प बसतो' हे खोडून टाका, ताई हसतील. मी खोडणार नाही.

ता. क. आणखी एक, आणि हे एकटीने वाच. माझा डावा कान गेला आहे. वर्ष होऊन गेलं. तुझ्या भावजयीला सांगू नकोस. तिला वाटतं मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो, आणि घरात माझा जो काही दरारा आहे तो त्याच्यावरच टिकून आहे. त्या स्वयंपाकघरातल्या बाकावर ड्रायव्हर नेमका माझ्या डाव्या बाजूला बसायचा, आणि बोलला तोही खिडकीकडे तोंड करून. मला 'हसत होता' एवढं ऐकू आलं. बाकी सगळं मावशींनी जिन्यात सांगितलं (त्या गटातल्याच, म्हणून चालतं). मी रडलो ते त्याच्या खांद्यांकडे बघून. ज्या ऐकण्याबद्दल माझं एवढं कौतुक चाललं आहे ते हे असं. तर भाऊजींना घेऊन दिलेलं कानाचं यंत्र, जे त्यांना घरातली शांतता आवडते म्हणून ते वापरत नाहीत असं तू म्हणाली होतीस, ते टपालाने पाठवशील का? पुढच्या आठवड्यापासून एका फार हळू बोलणाऱ्या बाईंकडे जायचं आहे.

ता. क. शेवटचा. पाकीट बंद करता करता मनात आलं. त्या दिवशी त्याचं बोलणं मला नीट ऐकू आलं असतं, तर मी नक्की काहीतरी उत्तर दिलं असतं. या विचाराने माझ्या अंगावर काटा आला आहे. यंत्र पाठव. ते बंद कसं करायचं तेही लिहून पाठव.